स्वतः आखलेल्या बोर्डावर लिनक्स कर्नल पहिल्यांदा उठवताना

तयार डेव्हलपमेंट बोर्डावर कर्नल चालला नाही तर चूक बहुतेक तुमचीच असते आणि ती सॉफ्टवेअरमध्ये असते. नव्या बोर्डावर मात्र स्कीमॅटिक, सोल्डरिंग, मेमरीचं टायमिंग, बूटलोडर (कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्रॅम), डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल), रूट फाइलसिस्टम असे सगळेच संशयित असतात आणि बाहेरून लक्षण एकच दिसतं: स्क्रीनवर काहीच येत नाही. म्हणून खालचा थर सिद्ध झाल्याशिवाय वरच्या थराला हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कंटाळवाणं आहे, पण तीन गोष्टी एकदम बदलून बोर्ड चालला तर नेमकं काय दुरुस्त झालं ते कळत नाही. मग पुढच्या दहा बोर्डांतले दोन बंद पडले की पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं.

इथे उदाहरणाला एनएक्सपीची आय.एमएक्स ६ यूएलएल ही चिप घेतली आहे: एक कॉर्टेक्स-ए७ कोअर, सोळा बिटांची ५१२ एमबी डीडीआर३एल मेमरी, एसडी कार्ड, ईएमएमसी आणि एक इथरनेट. चिप दुसरी असली तर पत्ते आणि पिनांची नावं बदलतील, क्रम तोच राहील. मेमरीचे सगळे पत्ते हेक्समध्ये आहेत.

वीज देण्याआधी आणि दिल्यावर

प्रत्येक सप्लाय आणि ग्राउंड यांच्यातला रेझिस्टन्स मोजून लिहून ठेवा, आणि हे निदान दोन बोर्डांवर करा. प्रोसेसरच्या कोअर सप्लायवर आकडा कमीच येतो, त्यामुळे एकटा आकडा फारसं सांगत नाही. दोन बोर्डांतला फरक सांगतो. मग बेंच सप्लायवर ३०० मिलिअँपची मर्यादा लावून वीज द्या. करंट लगेच मर्यादेला टेकला तर बंद करून बोट फिरवा, शॉर्ट झालेली जागा गरम लागते.

डीडीआर३एलला १.३५ व्होल्ट आणि व्हीरेफला (मेमरीच्या संदर्भ व्होल्टेजला) त्याच्या बरोबर निम्मे, ०.६७५ व्होल्ट हवेत. झेडक्यू पिनवरचा रेझिस्टर २४० ओहम, १ टक्का अचूकतेचा असतो. पार्ट लिस्टमध्ये "जवळपासचा चालेल" म्हणून बदलला जाणारा हा पहिला रेझिस्टर, आणि तो चालत नाही. मेमरी आपल्या ड्रायव्हरांची ताकद त्याच्यावरून ठरवते. सप्लाय चढण्याचा क्रम स्कोपवर बघा: एसएनव्हीएसचा (चिपच्या कायम चालू राहणाऱ्या भागाचा) सप्लाय आधी, बाकीचे नंतर, आणि सगळे स्थिर होईपर्यंत पीओआर (वीज आल्यावरचा) रिसेट खाली धरलेला. रिसेट लवकर सुटला तर बोर्ड "कधी चालतो, कधी नाही" या जातीत जातो, आणि त्या जातीचे दोष शोधायला सर्वांत महाग पडतात.

आता एकही ओळ सॉफ्टवेअर न लिहिता प्रोसेसर जिवंत आहे का ते कळतं. बूट मोडच्या दोन पिना ०१ वर ठेवा, कार्ड काढा, यूएसबी ओटीजी पोर्ट लिनक्स संगणकाला जोडा आणि 'एलएसयूएसबी' चालवा. यादीत १५ए२:००८० दिसलं तर चिपच्या आतला बूट रॉम धावतो आहे, म्हणजे सप्लाय, २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, रिसेट आणि यूएसबी एका फटक्यात तपासून झालं. दिसलं नाही तर ओटीजीच्या व्हीबस पिनवर ५ व्होल्ट पोचतात का आणि क्रिस्टल हलतो का, एवढंच बघा. बूटलोडर बांधत बसू नका, तो धावायला अजून जागाच नाही.

सिरीयल लाइन

पुढचं सगळं या तीन तारांवर चालतं. ३.३ व्होल्टचा टीटीएल अ‍ॅडॉप्टर घ्या. आरएस-२३२ची केबल थेट लावली तर पिन जळते. टीएक्स-आरएक्स उलटसुलट, ग्राउंड एक, वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. मिनीकॉम वापरत असाल तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधी बंद करा. ते चालू राहिलं की बोर्डाचं बोलणं दिसतं पण तुमची कळ तिकडे जात नाही, आणि माणूस आरएक्सची पिन तपासत बसतो.

आणखी एक खोडी. बोर्ड बंद असतानाही अ‍ॅडॉप्टरच्या टीएक्समधून प्रोसेसरच्या पिनेत, तिथून आतल्या डायोडमार्गे ३.३ व्होल्टच्या सप्लायवर थोडी वीज झिरपते. सप्लाय शून्यावर उतरतच नाही, मग पुढच्या वेळी रिसेट नीट लागत नाही. "केबल काढली की बोर्ड बूट होतो" अशी तक्रार आली तर बहुधा हेच. टीएक्समध्ये १ किलोओहम मालिकेत घातला की झिरपणं बरंच कमी होतं.

बूटलोडर आणि मेमरी

यू-बूट या बूटलोडरमध्ये याच चिपचा ईव्हीके (एनएक्सपीचा तयार चाचणी बोर्ड) आहे, त्याची प्रत काढा, नाव बदला आणि तुमच्याकडे नसलेलं सगळं उडवा. तयार झालेली प्रतिमा कार्डावर सुरुवातीपासून १ केबी सोडून लिहायची ('डीडी'ला ब्लॉक १ केबी, सीक १), कारण रॉम तिथेच बघतो. लिहिल्यावर कार्डाचा १०२४वा बाइट (शून्यापासून मोजून) हेक्सडंपने वाचा. तो डी१ असला पाहिजे, रॉमला हवी असलेली खूण ती हीच. ०० दिसला तर लिखाण चुकीच्या जागी किंवा चुकीच्या कार्डावर गेलंय.

पहिलं पार्टिशन ८ एमबीपासून सुरू करा. नेहमीची १ एमबीची सुरुवात इथे अपुरी पडू शकते. त्याच पट्ट्यात यू-बूटचं एन्व्हायर्नमेंटही (साठवलेल्या सेटिंग्ज) राहतं. यू-बूटमध्ये चार फीचर वाढवली, प्रतिमा फुगली आणि एन्व्हायर्नमेंटच्या जागेवर चढली, तर बोर्ड छान बूट होतो, तुम्ही 'सेव्हएन्व्ह' देता, आणि पुढच्या बूटला बोर्ड गप्प. स्वतःच्या हाताने बूटलोडर पुसलेला असतो. प्रतिमेचा आकार आणि एन्व्हायर्नमेंटचा ऑफसेट दर बांधणीला ताडून बघा.

या चिपवर बूट कॉन्फिगच्या पिना एलसीडीच्या डेटा लाइनींवरच आहेत. रिसेट सुटताना त्या पिनांवर जे असेल ते रॉम वाचतो. डिस्प्लेची केबल जोडल्यावर बूट होत नसेल तर पॅनेलचे आतले पुल-अप बूट सेटिंग ठरवणाऱ्या तुमच्या स्ट्रॅप रेझिस्टरांवर मात करताहेत. तिथे १० किलोओहमच्या रेझिस्टरांचे ४.७ किलोओहम करून बघा.

आता मेमरी, आणि इथे घाई करणारा पुढे आठवडाभर फिरतो. मेमरीचं कॅलिब्रेशन (राइट लेव्हलिंग, डीक्यूएस गेटिंग, रीड आणि राइट डिले) तुमच्या बोर्डावर करून आलेले आकडे यू-बूटमध्ये घाला. ईव्हीकेचे आकडे ईव्हीकेच्या ट्रेसांसाठी (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांसाठी) आहेत. ते तुमच्याकडे टेबलावर चालतील आणि पेटीत गरम झाल्यावर दगा देतील.

यू-बूटचा प्रॉम्प्ट आला म्हणजे मेमरी बरोबर, असं नाही. आकाराची चाचणी हाताने करा. मेमरी ८००००००० पासून ९एफएफएफएफएफएफ पर्यंत आहे. आधी 'डीकॅश ऑफ' द्या. हे विसरलात तर उत्तर कॅशमधून येतं आणि तुटलेली लाइनही धडधाकट दिसते. मग ८००००००० वर ११११११११ लिहा, ९००००००० वर २२२२२२२२ लिहा आणि पहिला पत्ता परत वाचा. तिथे २२२२२२२२ आलं तर दोन्ही पत्ते एकाच जागी पोचताहेत. ५१२ एमबीच्या सोळा बिटी चिपला १५ रो, १० कॉलम आणि ८ बँक लागतात. रो १४च सेट झाल्या असतील, किंवा ए१४ची लाइन तुटली असेल, तर नेमकं हेच दिसतं. असा बोर्ड कर्नल सुरू करतो, थोडा वेळ चालतो आणि भरलेली मेमरी अर्ध्यावर गेली की दर वेळी वेगळ्या ठिकाणी कोसळतो. त्या कोसळण्याचे लॉग वाचून काही हाती लागत नाही. शेवटी 'एमटेस्ट' रात्रभर चालवा, फक्त यू-बूट स्वतः बसलेला भाग वगळून.

कर्नल बांधणं

मुख्य प्रवाहातला दीर्घ मुदतीचा कर्नल घ्या, उदाहरणार्थ ६.६ किंवा ६.१२. चिप कंपनीच्या फांदीत जास्त ड्रायव्हर असतात हे खरं, पण ग्राफिक्स किंवा कॅमेऱ्याचं खास काम नसेल तर त्या फांदीवर बसून पुढची पाच वर्षं सुरक्षेचे पॅच हाताने जुळवत बसण्यात अर्थ नाही.

बांधणाऱ्या संगणकावर हार्ड फ्लोटचा आर्म क्रॉस कंपायलर, फ्लेक्स, बायसन, बीसी आणि ओपनएसएसएलच्या हेडर फाइली हव्यात. एन्व्हायर्नमेंटमध्ये आर्क म्हणजे 'आर्म' आणि क्रॉस कंपाइलचा उपसर्ग द्या, 'आयएमएक्स व्ही६ व्ही७ डेफकॉन्फिग'ने सुरुवात करा, मग 'मेक मेन्यूकॉन्फिग'. आयएमएक्सचा सिरीयल ड्रायव्हर, त्याचा कन्सोल आणि त्याचा अर्लीकॉन (खरा कन्सोल सुरू व्हायच्या आधीची छपाई) हे तीन वेगळे पर्याय आहेत, तिन्ही आत बांधा. डेव्हटीएमपीएफएस (डेव्ह फोल्डरमधले नोड आपोआप बनवणारी फाइलसिस्टम), इनिटरॅमएफएस (मेमरीतली सुरुवातीची रूट फाइलसिस्टम), एसडी होस्ट आणि एक्स्ट४ हेही मॉड्यूल म्हणून ठेवू नका. रूट फाइलसिस्टम ज्या ड्रायव्हरशिवाय वाचता येत नाही, तो ड्रायव्हर रूट फाइलसिस्टमवर ठेवला की कुलपाची किल्ली कुलपातच राहते. बदल 'सेव्हडेफकॉन्फिग'ने छोट्या फाइलीत काढून गिटमध्ये ठेवा.

डिव्हाइस ट्रीची फाइल आर्मच्या डीटीएस फोल्डरमध्ये एनएक्सपी, त्यात आयएमएक्स, अशा उपफोल्डरात जाते. ६.५ पासून ३२ बिटी आर्मच्या फाइली कंपनीवार वाटल्या गेल्या, जुन्या मार्गदर्शिकांतले मार्ग म्हणून सापडत नाहीत. पहिल्या दिवशी या फाइलीत चिपची डीटीएसआय (सामायिक डिव्हाइस ट्री फाइल), मेमरीचा नोड (सुरुवात ८०००००००, लांबी २०००००००), 'स्टडआउट-पाथ' आणि एक यूआर्ट (सिरीयल पोर्ट) त्याच्या पिनांसकट, एवढंच ठेवा. ईव्हीकेची पूर्ण फाइल उचलून आणली तर तुमच्या बोर्डावर नसलेल्या रेग्युलेटरची वाट बघत ड्रायव्हर अडतात, किंवा वाईट म्हणजे तुमच्या रिसेट लाइनवरची जीपीआयओ पिन भलतंच कुणीतरी हलवतं.

"स्टार्टिंग कर्नल" आणि पुढे शांतता

पहिल्या बूटला कार्ड नको, टीएफटीपी किंवा यूएसबीने थेट मेमरीत उतरवा. झेडइमेज (गुंडाळलेला कर्नल) ८२०००००० वर, म्हणजे सुरुवातीपासून ३२ एमबीवर ठेवा. त्यामुळे उलगडलेला कर्नल खाली बसताना गुंडाळलेल्या प्रतिमेवर चढत नाही. डिव्हाइस ट्री ८८०००००० वर, म्हणजे १२८ एमबीच्या पलीकडे. उतरवल्यावर यू-बूटच्या 'सीआरसी३२'ने बेरीज काढून संगणकावरच्या बेरजेशी जुळवा. डिव्हाइस ट्रीचे पहिले चार बाइट डी० ०डी एफई ईडी असतात, तेही बघा. कमांड 'बूटझेड ८२०००००० - ८८००००००'. मधली रेघ म्हणजे "इनिटआरडी (मेमरीतली सुरुवातीची डिस्क) नाही". ती गाळली तर डिव्हाइस ट्रीच्या पत्त्यालाच इनिटआरडी समजलं जातं.

बूटआर्ग्जमध्ये 'कन्सोल=टीटीवायएमएक्ससी०,११५२००', 'अर्लीकॉन' आणि 'इग्नोर_लॉगलेव्हल' द्या. स्कीमॅटिकवरचा यूआर्ट १ म्हणजे कर्नलचा टीटीवायएमएक्ससी०. या एका अंकाच्या फरकाने पुष्कळ चांगले कर्नल मेलेले समजून फेकले गेले आहेत.

तरीही शांतता असेल तर पुढच्या क्रमाने जा. 'अर्लीकॉन'ला पूर्ण पत्ता द्या: 'अर्लीकॉन=ईसी_आयएमएक्स६क्यू,०२०२००००'. (पत्त्याच्या आधी हेक्सची शून्य-एक्स खूण लावायची.) यामुळे डिव्हाइस ट्रीतल्या नावांवर अवलंबून राहावं लागत नाही. तरी काही नाही तर मेमरी नोडचा आकार खऱ्यापेक्षा मोठा आहे का बघा. कर्नल नसलेल्या मेमरीत पान टाकतो आणि पहिलं अक्षर छापण्याआधी अडकतो. तिसरा संशयित म्हणजे डिव्हाइस ट्री दुसऱ्याच बांधणीतली असणं. 'डीटीसी'ने ती उलटी उलगडून वाचा.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर कर्नलने काय लिहिलं ते थेट मेमरीतून वाचता येतं. कन्सोल चालू नसला तरी प्रिंटके (कर्नलचं संदेश छापणारं फंक्शन) आपला मजकूर बफरमध्ये टाकतच असतो. 'सिस्टिम.मॅप' फाइलीत '__लॉग_बफ' शोधा. समजा पत्ता सी१४ए२बी४० निघाला. कर्नलचे पत्ते सी००००००० पासून सुरू होतात आणि मेमरी ८००००००० पासून, म्हणून खरा पत्ता ८१४ए२बी४०. बोर्डाची वीज न काढता रिसेटचं बटण दाबा, यू-बूटमध्ये थांबा आणि 'एमडी.बी ८१४ए२बी४० १०००' द्या. उजव्या रकान्यात कर्नलचा मजकूर दिसतो, अधूनमधून एखादा बिट उडालेला, पण वाचण्याजोगा. शेवटची ओळ कोणती तिथे दोष आहे. जेटॅग (चिपच्या आत डोकावणारं डीबग उपकरण) विकत घेण्याआधी हे एकदा करून बघा.

थोडं बोलून मध्येच थांबणारा कर्नल वेगळा. "डिसेबलिंग अनयूज्ड क्लॉक्स" या ओळीपाशी थांबला तर 'सीएलके_इग्नोर_अनयूज्ड' द्या. त्याने चालला, तर कुठल्यातरी डिव्हाइसचं क्लॉक डिव्हाइस ट्रीत मागितलेलंच नाही. तो पर्याय औषध म्हणून कायमचा ठेवू नका, निदान झालं की काढा. दर वेळी नेमक्या तेवढ्याच सेकंदांनी रिसेट होत असेल तर यू-बूटने वॉचडॉग (वेळेत थोपटला नाही तर रिसेट करणारा टायमर) लावला आणि कर्नलमध्ये त्याला थोपटणारा ड्रायव्हर नाही. या चिपचा वॉचडॉग जास्तीत जास्त १२८ सेकंद थांबतो.

इनिट

आधी स्टॅटिक बांधलेल्या बिझीबॉक्सचा (एकाच फाइलीत शेल आणि छोट्या कमांड) इनिटरॅमएफएस कर्नलमध्येच भरा. म्हणजे साठवणीचे ड्रायव्हर सिद्ध व्हायच्या आधी शेल मिळतो. त्यात डेव्ह/कन्सोल हा नोड (कॅरेक्टर, ५, १) हाताने घाला. डेव्हटीएमपीएफएसचं आपोआप माउंट होणं इनिटरॅमएफएसला लागू नसतं. नोड नसेल तर "अनेबल टू ओपन अ‍ॅन इनिशियल कन्सोल" येतं आणि शेल चालू असूनही दिसत नाही.

इथले पॅनिक (कर्नल हात टेकतो तेव्हाचे संदेश) घाबरवणारे दिसतात, पण आकडे नेमके बोलतात. "अननोन-ब्लॉक(०,०)" म्हणजे रूट म्हणून दिलेलं डिव्हाइस सापडलंच नाही: ड्रायव्हर नाही, किंवा 'रूटवेट' (रूट डिव्हाइस येईपर्यंत थांबण्याचा पर्याय) विसरलात. (१७९,२) असेल तर कार्डाचं दुसरं पार्टिशन सापडलं आहे, त्यावरची फाइलसिस्टम कळत नाही. इनिट (कर्नल चालवतो तो पहिला प्रोग्रॅम) चालवताना एरर -८ म्हणजे फाइल भलत्या आर्किटेक्चरची. एरर -२ म्हणजे फाइल नाही, आणि ती डोळ्यांसमोर असूनही -२ येत असेल तर तिला लागणारा डायनॅमिक लोडर नाही. एक्झिटकोड ००००००० नंतर ४ म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना, कंपायलरचे पर्याय तपासा. शेवटी ०बी म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, आणि दर वेळी वेगळ्या प्रोग्रॅममध्ये होत असेल तर मेमरीच्या प्रकरणाकडे परत जा.

एकेक ड्रायव्हर

प्रत्येक डिव्हाइसला चार गोष्टी लागतात: पिना, क्लॉक, सप्लाय, रिसेट. न उठलेल्या ड्रायव्हरांची यादी डीबगएफएसमधल्या 'डिव्हाइसेस_डिफर्ड' फाइलीत मिळते. -५१७ हा आकडा दिसला तर ड्रायव्हर बिघडलेला नाही, दुसऱ्या कुणाची वाट बघतो आहे. आय२सीवरची चिप असेल तर ड्रायव्हरआधी 'आय२सीडिटेक्ट'ने ती पत्त्यावर उत्तर देते का एवढं बघा. एसपीआय, पीडब्ल्यूएम, एलईडी सहसा मुकाट चालतात.

ईएमएमसीला बस रुंदी ८ आणि 'नॉन-रिमूव्हेबल' द्या. आयओचा सप्लाय ३.३ व्होल्टवर कायमचा बांधलेला असेल तर 'नो-१-८-व्ही' हवंच, नाहीतर होस्ट १.८वर जायला बघतो आणि संभाषण तुटतं. एरर -११० म्हणजे पलीकडून उत्तरच नाही: सप्लाय, पिनमक्स (पिनचं काम ठरवणारी सेटिंग), सीएमडी लाइनचा पुल-अप. एरर -८४ म्हणजे उत्तर आलं पण सीआरसी चुकला, तेव्हा कमाल फ्रीक्वेन्सी निम्मी करून बघा. त्याने थांबलं तर दोष ट्रेसांत आहे. एसडी आणि ईएमएमसी दोन्ही असताना क्रमांक अदलाबदल होऊ शकतात, म्हणून रूट 'पार्टयूयूआयडी'ने (पार्टिशनच्या ओळखक्रमांकाने) द्या.

इथरनेटमध्ये जास्त वेळ जातो. "एमडीआयओ डिव्हाइस इज मिसिंग" आलं तर पीएचवायचा (इथरनेट केबलशी बोलणाऱ्या चिपचा) पत्ता त्याच्या स्ट्रॅप पिनांवरून पुन्हा मोजा. रिसेट सुटताना त्या पिना वाचल्या जातात, आणि त्या क्षणी प्रोसेसरची बाजू पिन ओढत असेल तर पत्ता बदलतो. एमडीआयओला (पीएचवायच्या कंट्रोल लाइनला) १.५ किलोओहमचा पुल-अप आहे का बघा. सगळ्यांत फसवं लक्षण म्हणजे "लिंक अप" येतं, दिवे लुकलुकतात, पण पिंग नाही. लिंक ही पीएचवाय आणि स्विच यांच्यातली गोष्ट, त्यात प्रोसेसर कुठेच नाही. आरएमआयआयचं (प्रोसेसर आणि पीएचवाय यांच्यातल्या डेटा जोडणीचं) ५० मेगाहर्ट्झ क्लॉक प्रोसेसरच देत असेल तर त्या पिनचं कॉन्फिगरेशन ४००१बी०३१ असतं. सुरुवातीचा ४ म्हणजे पिनमधून बाहेर जाणारं क्लॉक आत परत घेण्याचा बिट. कुणी "साफसफाई" करताना तो काढून ०००१बी०३१ केलं की पीएचवायला क्लॉक मिळतं, प्रोसेसरच्या आतल्या मॅकला (इथरनेट कंट्रोलरला) मिळत नाही, आणि आलेल्या पॅकेटांचा आकडा शून्यावर राहतो.

सोडण्याआधी

'मेमटेस्टर'ला मोकळ्या मेमरीचा बहुतेक भाग देऊन त्याच वेळी इथरनेट आणि ईएमएमसी दोन्ही भरधाव चालवा. एकेकटे सगळे पास होतात, सप्लायची कमजोरी एकत्र धावताना दिसते. मग रिलेने वीज तोडून-जोडून ५०० वेळा बूट करा आणि प्रत्येक बूटचा सिरीयल लॉग वेगळ्या फाइलीत घ्या. 'रीबूट' कमांडने केलेल्या ५०० फेऱ्या याच्या जागी चालत नाहीत, कारण त्यात सप्लाय उतरतच नाहीत. वीज तुटलेली ठेवण्याचा काळही बदलता ठेवा, कधी अर्धा सेकंद, कधी तीस. अर्ध्या सेकंदाच्या फेऱ्यांतच बोर्ड अडकत असेल तर कपॅसिटर रिकामे व्हायच्या आत वीज परत येते आहे. सप्लायवर डिस्चार्जचा रेझिस्टर किंवा रिसेटवर व्होल्टेज सुपरवायझर लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअरने सुटत नाही.